सामाईक भिंत

शाहपूरचे आमचे जुने घर उतरवून नव्या घराचा पाया खणायला घेतला, तेव्हा मला वाटले होते की प्रश्न पडतील ते पैशाचे, सिमेंटचे आणि मिस्त्रीच्या तारखांचे. पडला तो वेगळाच. दोन फूट जाडीची मातीची भिंत नेमकी कोणाची?

ही भिंत आमच्या आणि चुलत्यांच्या घरामधली. आजोबांनी दोन मुलांना वाटणी करून दिली ती याच भिंतीवरून. दोन्ही घरे धाब्याची, दोन्हीकडच्या सागवानी कड्या तिच्यावरच टेकलेल्या. माझे थोरले चुलतभाऊ, नाना, पोटापाण्यासाठी सुरतेला गेले त्याला वीस वर्षे होत आली. त्यांच्या दाराला कुलूप आहे.

मातीची भिंत अर्धी पाडता येत नाही. पाडायची तर सगळीच. चोवीस इंचांपैकी बारा माझे, बारा नानांचे. भिंतीची लांबी चाळीस फूट, म्हणजे नानांच्या वाट्याची जागा चाळीस चौरस फूट. दिसायला एवढीशी पट्टी; पण ती मिळाली तर आमचा जिना खोलीत न घुसता कडेने वर जात होता. मिस्त्रीने चुन्याची फक्की टाकण्यासाठी दोरी ताणली ती थेट पलीकडच्या कडेला. मी पाहत राहिलो तसा म्हणाला, "भैया, उधर रहता कौन है? बाद में कौन नापने बैठेगा?"

मी "नको" म्हणालो नाही. "दुपारी बघू" म्हणालो. हे आधीच कबूल केलेले बरे.

दुपारी इंजिनियर आले आणि प्रश्न आणखी खोल गेला. आमच्याकडची जमीन काळी. केळीला माय, घराला मावशी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. शिवाय खांबाखालचे फुटिंग खांबाहून कितीतरी रुंद लागते, कारण भार पसरवायचा असतो. हद्दीवरचा खांब फुटिंगच्या मध्यावर उभा केला, तर निम्मे फुटिंग शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाते. वर काहीच दिसत नाही. दुसरा मार्ग असा, की फुटिंग आपल्याच हद्दीत ठेवायचे आणि तो खांब जमिनीखालून तुळईने आतल्या खांबाशी जोडायचा. त्याला लोखंड जास्त लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. कायदासुद्धा जमिनीखाली पाहतो, मग आपण का पाहू नये?

रात्री नानांना फोन लावला. ते म्हणाले, "घेऊन टाक रे. मी काय आता तिकडे येणार आहे?"

मला हायसे वाटले, आणि थोड्या वेळाने त्या हायसे वाटण्याचीच शंका येऊ लागली. मी फुटभर जागा मागितली होती. फुटिंगचे बोललोच नव्हतो. उद्या त्यांच्या मुलांनी घर बांधायला काढले, तर पहिली कुदळ माझ्या काँक्रीटवर बसेल, हेही सांगितले नव्हते. दूर राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपली जागा पुरती उभीही राहत नाही. त्याचा होकार घेणे हे दान घेणे, की त्याच्या गैरहजेरीचा फायदा घेणे? उलट बाजूही खोटी नव्हती. आई म्हणाली, "तो देतोय तर घे. परक्यासारखा वागू नकोस." भावाने दिलेले नाकारणे हाही एक अहंकारच.

सीमेवरच्या माणसांना रेषेबद्दल वेगळे शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा निमाड मध्य प्रदेशात राहिला. इच्छापूर मागे पडले की आज महाराष्ट्र लागतो. मामाचे गाव पलीकडे, शाळा अलीकडे, असे आम्ही वाढलो. पण बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, १५९० च्या सुमाराचा, फारुकी आदिलशहाच्या काळातला संस्कृत लेख अरबी लेखाच्या सोबतीने कोरलेला आहे. लहानपणी मला त्याचे नुसते कौतुक वाटे. आता वाटते, त्या दोन लिपी एकत्र नांदल्या, कारण एकीने दुसरीच्या जागेवर अक्षर कोरले नाही. सामाईक म्हणजे दोघांचे, एवढेच आपण समजतो. दुसरा समोर नसतानाही त्याचा अर्धा भाग त्याचाच राहणे, हा त्या शब्दाचा अवघड अर्थ.

मी नानांना भूमिपूजनाला बोलावले. ते दोन दिवस आले. नारळ फुटल्यावर मी त्यांना चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्यापाशी नेले. ते आत उतरले. मुरूम त्यांच्या छातीखाली कुठेतरी लागला होता. "एवढं खाली जातं?" म्हणाले. वर आल्यावर बराच वेळ गप्प होते. मग हात झटकत म्हणाले, "अर्ध्यावरच राहू दे. पोरांचं काय सांगता येतं."

खरे सांगायचे तर मला वाईट वाटले. नको म्हणण्याचा मोठेपणा मला हवा होता, आणि तो त्यांनीच घेतला. पण फोनवरच्या त्या होकारापेक्षा हा नकार जास्त खरा होता. तो पाहून दिलेला होता.

आता जोते गुडघ्याएवढे वर आले आहे. फुटिंग आमच्याच हद्दीत आहे. भिंत पाडल्याने नानांच्या कड्या उघड्या पडत होत्या, त्यांना विटांचे खांब आमच्या खर्चाने दिले. जिना खोलीत आला, त्यावरून आई अजून बोलते. नाना पूर्वी फोनवर आधी मुलांची चौकशी करायचे. आता पहिला प्रश्न असतो, "भिंत कुठवर आली रे?"