मौनाचे वाचन आणि वाचकाचे उत्तरदायित्व

मोहेंजोदडो येथे १९२५-२६च्या उत्खननात सापडलेली, मऊ दगडात कोरलेली एक खंडित पुरुषमूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. उंची जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर; अर्धोन्मीलित डोळे, नीट कातरलेली दाढी, कपाळावर पट्टी आणि डाव्या खांद्यावरून घेतलेले त्रिदली नक्षीचे वस्त्र. ही मूर्ती 'पुरोहित-राजा' या नावाने ओळखली जाते. हा पुरुष पुरोहित होता याला पुरावा नाही; राजा होता यालाही नाही. तत्कालीन मेसोपोटेमियात धर्मसत्ता आणि राजसत्ता एकत्र नांदत असल्याची जी कल्पना अभ्यासकांच्या मनात होती, तिच्यातून हे नाव आले आणि मूर्तीला कायमचे चिकटले. साडेदहा सेंटिमीटर उंचीच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कांस्यमूर्तीतील मुलगीही अशीच 'नर्तकी' झाली. ती नाचत नाही, नुसती उभी आहे, ही साधी गोष्ट त्या नावाआड दिसेनाशी झाली.

ही नावे सोयीची आहेत, असे म्हणून प्रश्न संपत नाही. नाव देणे हे अन्वयार्थाचे पहिले पाऊल असते, आणि ज्याला नाव दिले तो ते नाकारू शकत नसेल, तर या पावलाला नैतिक परिमाण प्राप्त होते. जो आपल्याला उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो आणि त्याची मर्यादा कोणती, या प्रश्नाचा विचार सिंधू संस्कृतीच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

साहित्यसमीक्षेला हा प्रश्न परका नाही. रोलाँ बार्त यांनी १९६७मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूतून मुक्त झाला आणि वाचकाकडे आला. परंतु या मुक्तीमागे एक गृहीत होते. लेखक गेला तरी भाषा शिल्लक राहते. तिचे व्याकरण, तिचे संकेत, तिच्यातील इतर संहिता वाचकाला अडवू शकतात. वाचक स्वतंत्र असतो, पण निरंकुश नसतो. सिंधू लिपीच्या बाबतीत लेखकाबरोबर भाषाही गेलेली आहे. सुमारे चारशे चिन्हे, हजारो मुद्रा आणि मुद्रांकने, आणि एका लेखात सरासरी पाचच चिन्हे. द्वैभाषिक लेख एकही नाही. ही चिन्हे भाषेचे लेखनच नव्हेत, असा दावा २००४मध्ये करण्यात आला. २००९मध्ये चिन्हक्रमाच्या सांख्यिकी विश्लेषणाच्या आधारे त्याला उत्तर देण्यात आले. जानेवारी २०२५मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक घोषित केले. पारितोषिक शासनाने जाहीर करावे, यातच या लिपीच्या वाचनात वर्तमानाचे किती हितसंबंध गुंतले आहेत, ते स्पष्ट होते. प्रतिकार करू न शकणारी संहिता वाचकाला सर्वाधिक स्वातंत्र्य देते असे वाटते. वस्तुतः ती त्याला केवळ त्याचेच मन परत वाचून दाखवते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मॉर्टिमर व्हीलर यांच्या सिद्धांताचे आहे. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत काही सांगाडे अस्ताव्यस्त स्थितीत मिळाले होते. व्हीलर यांनी १९४०च्या दशकात त्यांचा संबंध ऋग्वेदातील पुरभेदक इंद्राशी जोडला आणि नगराचा अंत आक्रमक आर्यांनी केलेल्या कत्तलीत झाला, असे चित्र उभे केले. १९६४मध्ये जॉर्ज डेल्स यांनी हा पुरावा पुन्हा तपासला. सांगाडे एका वेळचे नव्हते, एका थरातले नव्हते; नगरावरील हल्ल्याच्या खुणा नव्हत्या. पुढील अस्थिविश्लेषणातही प्राणघातक जखमा जवळजवळ आढळल्या नाहीत. कत्तल झालीच नव्हती. मात्र तोपर्यंत या कथेने आरोपी आणि बळी दोन्ही ठरवून टाकले होते आणि विसाव्या शतकातील सामाजिक संघर्षांना हजारो वर्षांची वंशावळ मिळवून दिली होती.

व्हीलर चुकले, हा त्यांचा अपराध नव्हे; चूक ही ज्ञानव्यवहाराची नित्याची बाब आहे. दोष आहे तो मृतांना साक्षीदार म्हणून उभे करून त्यांची उलटतपासणी न करण्यात. आणि हा दोष व्हीलर यांच्या विरोधकांनाही सुटला नाही. कत्तलीची कथा मोडल्यावर तिच्या जागी शांततेची कथा आली: राजवाडे नाहीत, राजांची विजयशिल्पे नाहीत, म्हणून युद्ध नाही, विषमता नाही. ही कथा आपल्याला आवडते. म्हणूनच तिच्याबाबत अधिक सावध राहायला हवे. हडप्पा येथील अस्थींचा २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास कवट्यांवरील आघातांच्या खुणा नोंदवतो आणि हिंसेचा भार समाजात सर्वांवर सारखा नव्हता, असे सुचवतो. २०१९मध्ये राखीगढी येथील एका स्त्रीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि परस्परविरोधी पक्षांनी तिला आपापल्या बाजूची साक्षीदार केले. एका स्त्रीच्या अवशेषांवर एवढ्या मोठ्या ओळखीचे ओझे लादताना तिचे स्वतःचे जगणे मात्र कुणाच्याच विचारात नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. मौनाविषयी बोलणे इतके धोक्याचे असेल, तर आपणही मौन पाळावे काय? ही भूमिका नम्र दिसते, पण ती टिकत नाही. बोलणाऱ्या संस्कृतींकडे पाहिले की तिच्यातील उणीव लक्षात येते. उरुक येथील सर्वांत जुन्या मृत्तिकापट्टिका ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या आहेत. त्यांत बहुतांशी हिशेब आहेत: धान्य, बीअर, जनावरे, मजुरांचा शिधा. म्हणजे ज्या लेखनाने मेसोपोटेमियाला वाचा दिली, त्या लेखनात श्रमणारा माणूस मापभर जवाच्या नोंदीपुरताच उरतो. ऊर येथील राजकीय दफनभूमीतील एका खड्ड्यात लेनर्ड वुली यांना चौऱ्याहत्तर सेवकांचे सांगाडे मिळाले. त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या. लिहिता येणाऱ्या नगरात त्या मेल्या, तरी त्या स्वेच्छेने गेल्या की बळजबरीने, हे त्यांनी सांगितलेले नाही. लिपी उलगडली म्हणजे मौन संपते, हा भ्रम आहे. तेव्हा ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्यापुरतेच आपण बोलायचे ठरवले, तर भूतकाळातील बहुसंख्य माणसे पुन्हा एकदा नाकारली जातील. मौन पाळणे हाही एक निवाडाच आहे, आणि तो बलवानांच्या बाजूने जातो.

म्हणून प्रश्न बोलावे की न बोलावे हा नसून, आपल्या बोलण्याला अडवणारे काही आपण शिल्लक ठेवतो की नाही, हा आहे. भाषा जिथे अडवू शकत नाही तिथे वस्तू अडवते. हडप्पाकालीन विटांच्या जाडी, रुंदी आणि लांबीचे प्रमाण एकास दोन, दोनास चार असे दूरदूरच्या नगरांत आढळते. दगडी घनाकृती वजने दुपटीच्या श्रेणीत चढत जातात आणि सुमारे १३.७ ग्रॅमचे वजन त्यांत वारंवार मिळते. यावरून शेकडो किलोमीटरवरील माणसांत मापांविषयी सहमती होती, असे म्हणता येते. ही सहमती विश्वासाची होती की धाकाची, ते वजन सांगत नाही. पहिले विधान वस्तूने दिलेले आहे. त्यापुढचे आपले आहे. ही सीमारेषा वाचकाला दिसेल अशी आखून ठेवणे, एवढीच मृतांच्या बाबतीत आपल्याला शक्य असलेली सचोटी होय. 'पुरोहित-राजा' या नावात ती रेषा पुसलेली आहे. 'त्रिदली नक्षीचे वस्त्र ल्यालेला पुरुष' या रूक्ष वर्णनात ती शाबूत आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कडी काळातील एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर शू-इलिशू हे मालकाचे नाव आणि त्याचा व्यवसाय कोरलेला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे खरे असेल, तर आपल्याला हवे असलेले सारे ज्ञान या एका माणसाजवळ होते, आणि त्याच्या नाव-व्यवसायाखेरीज काहीच उरलेले नाही. तरीही त्याच्या स्थितीत आणि आपल्या स्थितीत एक मूलभूत फरक आहे. शू-इलिशू जिवंत माणसांच्या मध्ये उभा होता. त्याने चुकीचे सांगितले असते, तर मेलुहाचा व्यापारी मान हलवून म्हणू शकला असता की, मी असे म्हणालो नाही. आपल्यासमोर तो व्यापारी नाही. त्याची हरकत आपल्या लेखनात आपल्यालाच नोंदवावी लागते.