कल्टी, पोबारा आणि गावाला गेलेला माणूस

आमच्या दादरच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहतात. हल्लीची पोरे बोलतात ते मराठीच नव्हे, हे त्यांचे ठाम मत. परवा जिन्यात कोणी पोरगा 'चल, मी कल्टी मारतो' म्हणाला आणि मास्तरांनी त्याचा राग माझ्यावर काढला. 'पोबारा' आहे, 'काढता पाय' आहे, मग ही कल्टी हवी कशाला?

पण पोबारा तरी कुठल्या सोवळ्यातला? तो सोंगट्यांच्या पटावरून उठून आलेला. एक आणि बारा असे दान पडले की पोबारा. खेळणाऱ्याचे नशीब उघडले. फासे खुळखुळवणाऱ्यांच्या तोंडचा शब्द मास्तरांच्या फळ्यापर्यंत पोचू शकतो, तर कल्टीनेच काय घोडे मारले आहे? मास्तर म्हणाले, 'तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही,' आणि त्यांनी काढता पाय घेतला. बिनचूक मराठीत.

'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आजीने सगळ्यांनाच शिकवले आहे. ते उगाळत नाही. मला कुतूहल आहे ते सटकणे, कटणे, सुंबाल्या करणे, धूम ठोकणे या गोतावळ्याचे. यांत चेष्टा आहे, थोडे कौतुकही आहे, कारण सटकणारा बहुतेक वेळा परत येणार असतो. (बाई गेली की मात्र आपली विनोदबुद्धी आटते. 'पळून गेली', बस्स. तिने पोबारा केला असे मी तरी कधी ऐकलेले नाही.)

दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी उभे राहून बघा. फेरीवाल्याने प्लास्टिकच्या कापडावर क्लिपा, चार्जर, लहान मुलांचे मोजे मांडलेले असतात आणि कापडाच्या चारही टोकांना दोऱ्या बांधलेल्या असतात. कुठून तरी 'गाडी आली' अशी आरोळी येते. गाडी महापालिकेची, हे सांगावे लागत नाही. दोऱ्या ओढल्या जातात, कापडाचे गाठोडे होते, गाठोडे खांद्यावर आणि माणूस गल्लीत. गाशा गुंडाळणे हा वाक्प्रचार इतका शब्दशः मी दुसरीकडे पाहिलेला नाही. थोड्या वेळाने तोच माणूस, त्याच जागी, मोज्यांच्या जोड्या पुन्हा लावत बसलेला. याला सटकणे म्हणावे.

आणि १९८२? जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिने लोटले तशी लालबाग-परळच्या चाळींतली माणसे कोकणात, घाटावर जाऊ लागली. कोणी रात्रीतून, कोणी सामान मागे ठेवून. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी एकही चटपटीत शब्द काढला नाही. 'गावाला गेलाय' एवढेच. एवढ्या मोठ्या गळतीला एक धड शब्द मिळू नये, ही भाषेची गरिबी आहे असे मी मास्तरांना ऐकवणार होतो. आता तसे वाटत नाही. गावाला तर माणूस गणपतीत, शिमग्यालाही जातो आणि येतो. 'गावाला गेलाय' म्हणणाऱ्यांनी त्याची जागा धरून ठेवली होती.

जागा धरून ठेवली नाही ती गिरणीने. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, म्हणजे पहिल्या दोघांच्या पदरात फारच थोडे पडले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. संप मागे घेतल्याचे कोणी कधी रीतसर जाहीर केले नाही, असे गिरणगावात अजून सांगतात. म्हणजे कामगार हिशेबाने अजून संपावरच आहे, आणि पोबारा केला तो गिरणीने. मास्तरांना हे वाक्य व्याकरणात बसणार नाही. पोबारा माणूस करतो, इमारत नव्हे, असे ते म्हणतील. म्हणोत.