पोशिंदा थकतो तेव्हा



घरचा पोशिंदा अंथरुणाला खिळला, किंवा त्याचे काम सुटले, की पहिला बदल बोलण्यात दिसतो. ‘बाबांना विचारा’ याऐवजी ‘बाबांना सांगून टाका’ असे शब्द येतात. ताट वेळेवर पुढे येते, पण सल्ल्याला कोणी येत नाही.

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. शेजारच्या डिचोली तालुक्यावर असा प्रसंग एकाच वेळी अनेक घरांवर आला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. कर्ता पुरुष तोच, अंगातले बळही तेच. तरीही एखाद्या घरात त्याचा मान उतरला असेल, तर तो मान माणसाला नव्हे, मिळकतीला होता असेच म्हणावे लागेल.

जगाची ही रीत सांगून ‘भज गोविंदम्’ हे स्तोत्र वैराग्याकडे नेते. शरणांनी मात्र संसार सोडला नाही. म्हणून आपणास उत्तर घरातच शोधावे लागते.

येथे एक शंका येते. कायक हीच पूजा असेल, तर हातपाय थकलेल्याची पूजा संपली काय? नाही. कायक आणि कमाई एक नव्हेत. आयदक्की मारय्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत करावयास लावले, ही कथा आपणास ठाऊक आहे. जेथे जास्तीची मिळकत दोष ठरली, तेथे मिळकत नसणे हा अपराध कसा ठरेल?

पोशिंद्यानेही आत्मपरीक्षण करावे. ‘मी पोसतो’ असे जन्मभर सुनावणारा घराला हिशोबच शिकवतो. म्हातारपणी तोच हिशोब त्याच्यापुढे मांडला जातो. दासोहात देणारा मालक नसतो, म्हणून घेणारा ऋणकोही नसतो.

भार मुळीच नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. रात्ररात्र जागणाऱ्या सुनेला तो विचारावा. पण तो भार आजाराचा आहे, माणसाचा नाही. आणि आजाराचा भार सर्व भावंडांनी वाटून घेता येतो. एकटीवर टाकलेली सेवा लवकरच कडवट होते.

ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यान्वये मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. पण घरातले विचारणे कोणतेही न्यायाधिकरण देववू शकत नाही. ते आपल्याच हाती आहे. लग्न, शेत, घरदुरुस्ती असा काही विषय निघाला, तर थकलेल्या माणसाला आधी विचारावे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.

शरणु शरणार्थी.