‘लागतोय की ब्रेक!’

यामाहाने २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रेकमधल्या शंकेपायी तीन लाख स्कूटर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (म्हणजे रिकॉल केल्या), ही बातमी येऊन गेली आणि त्यानंतर आठवडाभर एकच वाक्य माझ्या कानावर पडत होतं. पार्किंगमध्ये, वाण्याच्या पायरीवर, बँकेच्या रांगेत. “माझा ब्रेक तर मस्त लागतोय. कशाला जायचं?”

बोलणारी माणसं बेफिकीर नाहीत. घराबाहेर पडताना गॅसचा नॉब परत एकदा बघणारी, दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून झेंडूचा हार घालणारी, सीटवरचं प्लास्टिक वर्ष झालं तरी न काढणारी माणसं आहेत. सीटला ओरखडा जाऊ नये म्हणून एवढा जीव टाकतात. ब्रेकसाठी मात्र अर्धा दिवस मोडायची त्यांची तयारी नाही, आणि नकाराचं कारण काय, तर लागतोय!

बाकीची कारणं मी सोडून देतो. वेळ नाही, सर्व्हिसिंगच्या वेळी बघू, आमचा मेकॅनिक बघेल. ही आळसाची कारणं आहेत आणि सांगणाऱ्यालाही ते माहीत असतं. ‘लागतोय’ हे कारण शहाणपणाचा आव आणून येतं, म्हणून ते जास्त धोक्याचं आहे. एका गृहस्थांनी तर मला पार्किंगमध्येच लिव्हर दाबून दाखवला. “बघा काका, कुठे काय आहे?” गाडी स्टँडवर उभी होती. उभ्या गाडीचा ब्रेक दाबून त्यांनी कंपनीच्या अभियंत्यांना खोटं ठरवलं आणि समाधानाने वर निघून गेले.

आज सकाळी ब्रेक लागला, यातून एवढंच कळतं की आज सकाळी ब्रेक लागला. उद्या, पावसात, मागे बायको आणि पुढे पोर बसलेलं असताना, समोर अचानक कोणी आडवं आलं की काय होईल, हे त्यातून कळत नाही. रिकॉल निघतो तो एकेका गाडीचा ब्रेक तपासून निघत नाही. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमध्ये अमुक भाग सदोष आहे किंवा असण्याची शंका आहे, हे कंपनीला कळतं, आणि त्या काळातल्या सगळ्या गाड्या बोलावल्या जातात. यामाहाच्या बाबतीत तो काळ १ जानेवारी २०२२ ते ४ जानेवारी २०२४ असा आहे, गाड्या आहेत रे झेडआर १२५ आणि फॅसिनो १२५, आणि शंका आहे ब्रेक लिव्हरच्या कामाबद्दल. या स्कूटरांना पायाचा ब्रेक नसतो. दोन्ही ब्रेक हातात, लिव्हरवर. त्यातच खोट असेल तर उरलं काय?

मारुतीचं २०२२ सालचं प्रकरण ‘लागतोय’वाल्यांनी मुद्दाम आठवावं. वॅगन आर, सेलेरियो आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या. मागच्या ब्रेकच्या असेंब्लीतली एक पिन सदोष असल्याची शंका होती. काही गाड्यांत ती तुटून वेगळा आवाज येऊ शकतो, आणि पुढेमागे ब्रेकच्या क्षमतेवर परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं कंपनीनेच सांगितलं होतं. आवाज येऊ शकतो, याचा अर्थ कदाचित येणारही नाही. म्हणजे पिन तुटलेली, कानाला काही कळलेलं नाही, पायाला काही जाणवलेलं नाही, आणि मालक म्हणतोय, लागतोय.

रॉयल एनफिल्डने २०२० च्या जूनमध्ये ब्रिटन, युरोप आणि कोरियातल्या सुमारे १५,२०० मोटरसायकली बोलावल्या. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने ब्रेकच्या कॅलिपरला आतून गंज धरण्याचा धोका होता. मर्सिडीजने २०२२ च्या जूनमध्ये जगभरातल्या जवळपास दहा लाख जुन्या गाड्यांना हाक दिली. ब्रेक बूस्टरला गंज. कंपनीने मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका असं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांचा ब्रेक आदल्या दिवशी लागतच असणार.

सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्युंदाई आणि किया यांनी २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या ३३ लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये ब्रेकचं तेल आतल्या आत झिरपून शॉर्ट सर्किट होऊ शकत होतं, आणि बंद करून ठेवलेली गाडीही पेटू शकत होती. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असा सल्ला मालकांना दिला गेला. आता तिथे कोणी गॅरेजमध्ये उभं राहून ‘माझा ब्रेक मस्त लागतोय’ म्हणत बसला, तर त्याचं म्हणणं खरंही असेल. घर जळायचं ते जळेलच.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलसाठी ११०-अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. सदोष गाड्या परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. उत्पादकाला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतो. या कलमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की धोका कोणाला, हे सांगताना चालक आणि गाडीत बसलेल्यांच्या बरोबरीने रस्त्यावरच्या इतरांनाही त्यात धरलं आहे. भाजी घेऊन निघालेली बाई, क्लासहून सायकलवर परतणारा मुलगा, रस्ता ओलांडायला थांबलेले आजोबा, हे सगळे कलम ११०-अ मध्ये आहेत. ‘लागतोय’ म्हणणाऱ्याच्या हिशोबात यातलं कोणीही नाही. माझी गाडी, माझा ब्रेक, माझी मर्जी. पण गाडी तुमची असली तरी ब्रेकवर ज्याचा जीव अवलंबून आहे तो माणूस तुमच्या ओळखीचाही नसतो. त्याने तुमचा लिव्हर दाबून पाहिलेला नाही. तो तुमच्यावर विसंबून रस्त्यात पाऊल टाकतो.

ताशी चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. ब्रेकने अर्धा सेकंद उशीर केला तर गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. एवढ्या जागेत दोन रिक्षा एकामागे एक उभ्या राहतात. शाळेच्या फाटकापाशी एवढ्या जागेत किती मुलं उभी असतात, ते आपापल्या रस्त्यावर बघून या.

करायचं काय, ते अवघड नाही. आरसीवर चासी नंबर असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की आपली गाडी यादीत आहे की नाही ते कळतं. संकेतस्थळ जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसी घेऊन जावं. काम फुकट होतं. त्यासाठी पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नये. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी या कामाचा बदली भाग आणि कंपनीची सूचना त्याच्याकडे नसते. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलची नोंद करून घ्यावी. अशी नोंद ज्या पुस्तिकेत जपून ठेवायची, ती बहुतेकांच्या डिकीत कोऱ्या पाकिटात पडलेली असते, सीटवरच्या प्लास्टिकइतकीच अस्पर्श.

मोबाइल नंबरही तपासा. गाडी घेताना घाईत एजंटचा नंबर नोंदवला जातो आणि कंपनीचा निरोप त्या एजंटला जातो. जुनी गाडी घेतली असेल तर निरोप पहिल्या मालकाला जाईल. त्याने तो तुम्हाला कळवावा, ही साधी माणुसकी आहे. गाडी विकताना टायर नवे टाकून फोटो काढणारे लोक रिकॉलबद्दल चकार शब्द बोलत नाहीत, हे मी पाहिलं आहे, आणि याला मी फसवणूकच म्हणेन.

आपल्या कलमातला दंड उत्पादकासाठी आहे. जर्मनीत रिकॉल धुडकावणाऱ्या मालकाच्या गाडीला रस्त्यावर यायला बंदी होऊ शकते. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात दुरुस्ती न केलेल्या काही गाड्यांची नोंदणी तिथे खरंच बंद केली गेली. मला ते पटतं. आपल्याकडे असं व्हावं, असंही वाटतं. पण हेल्मेट घरून निघताना आरशाला अडकवायचं आणि चौकात पोलीस दिसला की डोक्यावर घालायचं, हे इतकी वर्षं बघितल्यावर सक्तीचा हट्ट किती धरायचा, ते मला कळेनासं होतं. ज्यांना पटेल ते याच आठवड्यात जाऊन येतील. ज्यांचा ब्रेक मस्त लागतोय आणि म्हणून जायचंच नाही, त्यांनी निदान शाळा सुटायच्या वेळी आमच्या रस्त्याने येऊ नये.