स्पर्श नाकारणारा कोण?

नमाजाच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या समाजात शिवाशिव नसते, असे आम्ही जतच्या उर्दू शाळेत मुलांना सांगतो. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग सोयरीक बिरादरी पाहूनच का करतात?" आम्ही घंटेची वाट पाहिली.

त्या प्रश्नामुळे आम्ही प्रा. सुंदर सरुक्कई यांच्या लेखनाकडे वळलो. भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन्हींचे शिक्षण घेतलेले सरुक्कई मणिपालच्या तत्त्वज्ञान व मानव्यविद्या केंद्राचे संस्थापक संचालक होते. २००९ साली त्यांनी अस्पृश्यतेचा विचार फिनॉमिनॉलॉजीच्या अंगाने मांडला. ही वाट जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल (१८५९-१९३८) यांची. ठरलेली मते बाजूला ठेवायची आणि अनुभव जसा येतो तसा तपासायचा.

आपण कुणाला न दिसताही त्याला पाहू शकतो. स्पर्शाचे तसे नाही. जो स्पर्श करतो, त्यालाही त्याच क्षणी स्पर्श होतो. म्हणून अस्पृश्यतेचे मूळ, ज्याला दूर ठेवले त्याच्यात नव्हे, तर स्पर्श नाकारणाऱ्यात शोधावे, असे सरुक्कई सुचवतात.

त्याआधी २००२ मध्ये प्रा. गोपाळ गुरू यांनी वेगळा प्रश्न विचारला होता. दलितांनी अनुभव पुरवायचा आणि सिद्धान्त इतरांनी मांडायचा, ही वाटणी कशी चालेल? या दोघांची चर्चा २०१२ साली 'द क्रॅक्ड मिरर' या इंग्रजी ग्रंथात आली. ज्यातून बाहेर पडण्याची मुभा नसते तोच खरा भोगलेला अनुभव, हा तिचा एक गाभा आहे.

आपल्याविषयी इतरांनीच लिहावे आणि आपण केवळ अहवालातले आकडे व्हावे, ही मुसलमानांची तक्रार रास्त आहे. पण आपल्यातल्याच पिंजारी, शिकलगार बांधवांचे अनुभव आपण कधी कान देऊन ऐकले काय? बिरादरी म्हणजे अस्पृश्यता नव्हे, हे खरे. तरीही, नकार सोसणाऱ्याची चौकशी पुरे, नकार देणाऱ्याची करा, ही शिकवण इथेही लागू पडते. सफेत लागलेला खांदा मशिदीच्या पायऱ्या उतरताच परका का होतो, हे आपण स्वतःलाच विचारायला हवे.

तो मुलगा कोणत्या बिरादरीचा, हे आम्हाला त्याने न सांगताही माहीत होते. आम्ही गप्प का बसलो, याचे उत्तर त्या माहितीतच होते.