कळलावीचे विष कुणाचे?

श्रावणात सह्याद्रीच्या उतारावर एखाद्या जाळीवर चढलेली कळलावी दिसली, की नजर तिथेच खिळते. तिच्या पानाचे टोक लांबत जाऊन गोल वळते आणि त्या वळणाने शेजारची फांदी धरून वेल वर सरकते. फूल मान खाली घालून लोंबते, पण त्याच्या सहा पाकळ्या उलट वळून आभाळाकडे झेपावतात. तळाशी पिवळ्या, टोकाकडे लालभडक आणि कडांना लाटा, म्हणून ती अग्निशिखा. जमिनीखालचा कंद नांगरासारखा दुबेळका, म्हणून लांगली. या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे जहाल द्रव्य असते. रताळे समजून हा कंद खाल्लेली माणसे भारतात आणि श्रीलंकेत दगावली आहेत. सृष्टी ईश्वराची आहे असे मानणाऱ्याला इथे अडखळावेच लागते. इतके देखणे रूप ज्याने दिले, त्यानेच हे विषही दिले का?

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विष म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. प्राण्यांच्या पेशीत ट्युब्युलिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या कणांपासून बारीक नळ्या बनतात आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढण्याचे काम याच नळ्या करतात. कोल्चिसिन त्या प्रथिनाला चिकटते आणि नळ्या बनेनाशा होतात. त्याची करणी एवढीच. आतडी आणि अस्थिमज्जा इथल्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून पहिला घाला तिथे पडतो: उलट्या, जुलाब, मग रक्तातल्या पेशींची घसरण. पण याच करणीने गाउटच्या सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते आणि ठणका उतरतो. कळलावीच्याच कुळातल्या कोल्चिकमचा कंद सहाव्या शतकातला बायझंटाईन वैद्य ट्रॅलेसचा अलेक्झांडर या दुखण्यावर देत असे. १८२० मध्ये पेलेटिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. १९३७ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्लीने त्याच द्रव्याने वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली आणि पीकसुधारणेला नवे साधन मिळाले. वनस्पतींच्या ट्युब्युलिनवर मात्र कोल्चिसिनची पकड कितीतरी सैल असते. जे आपल्याला मारते, ते पोटात साठवून कळलावी खुशाल फुलते.

म्हणून माझे म्हणणे असे: विष हे त्या कंदाच्या पोटात मिठासारखे साठवलेले नसते. द्रव्य, देह आणि मात्रा यांची गाठ पडते तेव्हा ते घडते. आपल्या पूर्वजांनी दिलेल्या नावांतही हे दिसते. एकाच वेलीला संस्कृतात विशल्या, म्हणजे शल्य बाहेर काढणारी, असे म्हटले आणि गर्भनुत्, म्हणजे गर्भ पाडणारी, असेही. मराठीत ती बाळंतपणाच्या कळा लावणारी. अडलेल्या बाईच्या अंगाला कंदाचा लेप लावत, त्यावरून हे नाव पडले. लांगलीला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, मोजणारा वैद्यही तिला टाकून देत नाही. कंदाचे काप गोमूत्रात भिजवून आधी शोधन करतो. तीव्र विषही नीट योजले तर उत्तम औषध होते आणि औषधही चुकीचे योजले तर विष होते, असे चरकाने सांगितले ते याच अनुभवावरून.

यावर कुणी म्हणेल की, मग विष ही नुसती पाहण्याची रीत झाली, खरे असे काही उरलेच नाही. हा आक्षेप टिकत नाही. विष हे द्रव्य आणि देह यांच्यातले नाते आहे, म्हणून ते खोटे ठरत नाही. गाउटचा झटका आला की आज पहिल्या दिवशी एकूण १.८ मिलिग्रॅम कोल्चिसिन देतात, आणि ७ मिलिग्रॅमइतक्या कमी मात्रेनेही मृत्यू झाल्याची नोंद आहे. या दोन आकड्यांमधली फट कुणाच्या मताने रुंदावत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सर्वशक्तिमान ईश्वराला हे नातेच निराळे जोडता आले नसते का? ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी ईश्वरावरचा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप खोडताना पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सगळ्यांना सारखाच, भात किंवा जव उगवतो तो ज्याच्या त्याच्या बीजातल्या शक्तीने. तसे प्राण्यांचे सुखदुःख त्यांच्या कर्मानुसार. या दाखल्याचा पहिला भाग मला पटतो. जो पाऊस खाचरात भात उभा करतो, तोच बांधावर कळलावी चढवतो, आणि त्यात वैर नाही. दुसरा भाग मात्र भुकेपोटी कंद उकरून खाणाऱ्या पोरापर्यंत नेला, तर त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच मागल्या जन्मावर जातो. हे मला मान्य करता येत नाही. त्या पोराला रताळे आणि लांगली यांतला फरक कुणी दाखवला नव्हता. तो दाखवता येण्याजोगा होता, आणि गावात तो ठाऊक असलेली माणसे होती.