चरायचं की कापायचं

पावसाळा सरता सरता हिवरे बाजार गावच्या डोंगरावर गवत गुडघ्याला लागतं. शेळीला ते चरायचं दिसतं. गावकऱ्याला मात्र विळ्यानं कापून, भारा बांधून खाली आणायचं. गावानं डोंगरावर चराईबंदी केली, त्याआधी माणूसही ते बहुधा शेळीच्याच नजरेनं बघत असणार.

गवत तेच, डोळेही तेच. मग बदलतं काय? 2001 साली डेव्हिड फ्रीडमन, अर्ल मिलर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मांजर आणि कुत्रा एकमेकांत मिसळून मधली रूपं तयार केली. निम्म्याहून जास्त मांजर ते मांजर, बाकीचं कुत्रं, असं माकडांना शिकवलं. नंतर मेंदूतल्या कपाळामागच्या पेशी तपासल्या. 60 टक्के मांजर आणि अस्सल मांजर यांना त्या जवळपास सारखंच मानत. सीमेपलीकडचं चित्र दिसायला कितीही जवळचं असो, त्याला वेगळं. एका माकडाला पुढे त्याच चित्रांची नवी वाटणी शिकवली, तर पेशींनी नवी सीमा धरली आणि जुनी सोडली. कानशिलाच्या आतला भाग मात्र आकाराच्या बारकाव्यांकडे जास्त लक्ष देतो, असं त्यांनाच 2003 मध्ये आढळलं. रूप टिपणं एकीकडे आणि त्याचं करायचं काय हे मुख्यतः दुसरीकडे, अशी ढोबळ वाटणी.

हिवरे बाजारात चरायचं आणि कापायचं यांमधली अशीच नवी सीमा ग्रामसभेनं आखली. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे चराईबंदी आली, कुऱ्हाडबंदी आली, शेतीसाठी बोअर घेणं थांबलं. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं, उरेल त्यात पिकं. उसाला जागा नाही. अशा गावातला शेतकरी विहिरीत डोकावतो तेव्हा गहू निघेल की हरभऱ्यावर भागवायचं, हेच त्याला आधी दिसत असणार.

भाषणांनी हे होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माकडांनाही कुणी प्रबोधन केलं नव्हतं. पुन्हा पुन्हा करून घेतलं, बरोबर आलं की बक्षीस. गावानं श्रमदानातून चर खणले, झाडं लावली, मग त्या उतारावर नजर बसली. तेव्हा शाळेत पाणी वाचवा म्हणून चित्रं रंगवून घेण्याआधी पोरांच्या हाती एक पर्जन्यमापक द्या, आणि रोजचा आकडा त्यांनाच फळ्यावर लिहू द्या.